अधिवेशनानंतरचा ‘निधी’: आमदारांनी मतदारसंघासाठी नेमके काय आणले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधिमंडळाचे अधिवेशन संपले की आठवडाभरात गावोगावी फलक लागतात, मतदारसंघासाठी अमुक कोटींचा निधी मंजूर झाल्याचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात आणि आमदारांच्या कार्यअहवालात कामांची लांबलचक यादी छापून येते. त्या यादीतील किती कामे प्रत्यक्षात उभी राहणार, किती कागदावरच राहणार आणि मुळात निधी आणणे हेच आमदारांचे काम आहे काय, असे प्रश्न लोकांच्या मनात असतात. विचारायचे कोणाला, हे मात्र ठाऊक नसते. महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषद डोळ्यांसमोर ठेवून अशा प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

अधिवेशनात ‘निधी मंजूर झाला’ म्हणजे नेमके काय झालेले असते?

राज्याच्या तिजोरीतून एक रुपयाही खर्च करायचा असेल, तर त्याला विधिमंडळाची मान्यता लागते. संविधानाच्या अनुच्छेद २०२ नुसार दरवर्षी अर्थसंकल्प सभागृहापुढे ठेवला जातो, विभागवार मागण्यांवर विधानसभेत मतदान होते आणि शेवटी विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून पैसे काढण्याची परवानगी देणारे विधेयक, संमत होते. वर्षाच्या मध्येच जास्तीच्या पैशांची गरज पडली, तर अनुच्छेद २०५ नुसार पुरवणी मागण्या मांडल्या जातात. आपल्याकडे पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांत त्या हमखास येतात, आणि त्यांच्या रकमा लहान नसतात. जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडण्यात आल्या आणि त्यांत सुमारे २५ हजार कोटी एकट्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी होते. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरला ३५,७८८ कोटींच्या, तर २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या मागण्या आल्या.

आपल्या गावच्या रस्त्याचे किंवा पुलाचे नाव या मागण्यांत किंवा अर्थसंकल्पासोबतच्या कामांच्या यादीत आले, की आमदार ‘निधी मंजूर’ असे जाहीर करतात. ते खोटे नसते, पण अपुरे असते. विधिमंडळाने संबंधित विभागाला खर्च करण्याची परवानगी दिलेली असते. ती रक्कम मतदारसंघाच्या नावे कोठे जमा झालेली नसते, आणि आमदारांच्या हाती तर कधीच येत नाही. पुढे विभागाने ती वितरित करायची, कार्यालयाने निविदा काढायची, ठेकेदाराने काम करायचे आणि झालेले काम मोजून देयक काढायचे, इतका प्रवास बाकी असतो.

फलकावर २० कोटी लिहिलेले असते, पण कार्यालयात विचारले तर ‘एवढी तरतूद नाही’ असे उत्तर मिळते. खरे कोण सांगते?

बहुतेक वेळा दोघेही खरे सांगत असतात. प्रत्येक कामाला चार वेगवेगळे आकडे असतात आणि सगळा गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतो. कामाची अंदाजित किंमत हा पहिला आकडा. चालू आर्थिक वर्षात त्या कामासाठी अर्थसंकल्पात दाखवलेली तरतूद हा दुसरा. त्या तरतुदीपैकी वित्त विभागाने अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर, म्हणजे कार्यालयांत ज्याला सगळे ‘बीम्स’ म्हणतात तिच्यावर, प्रत्यक्ष सोडलेली रक्कम हा तिसरा. आणि देयके अदा होऊन झालेला खर्च हा चौथा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका राज्यमार्गाच्या आठ किलोमीटर सुधारणेचे काम अर्थसंकल्पात आले. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यादीत त्या ओळीत अनुक्रमांक, मार्गाचा क्रमांक, ‘किमी १२/०० ते २०/०० ची सुधारणा करणे’ असे कामाचे नाव, त्यापुढे किंमत रु. २०००.०० लक्ष आणि शेवटच्या रकान्यात चालू वर्षाची तरतूद रु. २००.०० लक्ष असे छापलेले असेल. फलकावर २० कोटी येतात, कारण किंमत तितकी आहे. कार्यकारी अभियंता २ कोटी सांगतात, कारण या वर्षी तेवढेच मिळणार आहेत. उरलेले १८ कोटी पुढच्या दोन-तीन वर्षांच्या अर्थसंकल्पांवर दायित्व म्हणून पडतात. काही कामांना तर यादीत नाव राहावे एवढ्यासाठी अगदी नाममात्र रक्कम दाखवलेली असते. तिला टोकन तरतूद म्हणतात, आणि केवळ टोकन तरतूद असलेल्या कामाचे भूमिपूजन होताना दिसले, तर निविदा निघाली आहे काय हे जरूर विचारावे.

माझे स्पष्ट मत असे आहे की कार्यअहवालात केवळ किंमत छापणे ही लोकांची दिशाभूल आहे, मग तो अहवाल कोणत्याही पक्षाच्या आमदाराचा असो. किंमत, तरतूद, वितरण आणि खर्च असे चार रकाने छापायला जादा कागद लागत नाही, आणि ही माहिती आमदारांना एका पत्रावर मिळू शकते.

आमदारांचा स्वतःचा निधी किती असतो?

‘आमदार निधी’ असे ज्याला आपण म्हणतो, त्याचे अधिकृत नाव आमदार स्थानिक विकास कार्यक्रम असे आहे. महाराष्ट्रात तो १९८४-८५ पासून सुरू आहे, म्हणजे खासदारांची अशीच योजना १९९३ मध्ये आली त्याच्या बऱ्याच आधीपासून. २०२० च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हा निधी २ कोटींवरून ३ कोटी करण्यात आला आणि मार्च २०२२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री अजित पवार यांनी तो दरवर्षी ५ कोटी रुपये करण्याची घोषणा विधानसभेत केली. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ अशा एकूण ३६६ जागांचा हिशेब धरला, तर हा कार्यक्रम वर्षाला १,८३० कोटींचा होतो.

रक्कम मोठी वाटते, पण मतदारसंघाच्या मापाने पाहिल्यास चित्र बदलते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार मतदार येतात आणि ५ कोटी त्यांच्यात वाटले, तर माणशी वर्षाला दीडशे रुपयेदेखील पुरते भरत नाहीत. त्यामुळे एखाद्या कार्यअहवालात ‘तीनशे कोटींचा निधी’ लिहिलेला असेल, तर त्यातील फार थोडा भाग आमदारांच्या स्वतःच्या कोट्यातील असतो, हे ध्यानात घ्यावे. बाकीची रक्कम राज्याच्या, केंद्राच्या किंवा जिल्ह्याच्या योजनांतून आलेली असते आणि त्यांत आमदारांचा वाटा पाठपुराव्याचा असतो. पाठपुरावा हेही कामच आहे आणि चिकाटीने केलेल्या पाठपुराव्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र ते श्रेय पाठपुराव्याचे म्हणून द्यावे.

आमदार निधीतून काम मंजूर कसे होते?

आमदार जिल्हाधिकाऱ्यांकडे कामाची लेखी शिफारस करतात. जिल्हा नियोजन कार्यालय ते काम नियमांत बसते काय आणि जागा सार्वजनिक मालकीची आहे काय हे तपासते, मग सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपरिषद किंवा अन्य कार्यान्वयन यंत्रणेकडून अंदाजपत्रक मागवले जाते. तांत्रिक मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) असे टप्पे पार पडल्यावर काम सुरू होते. पैसा यंत्रणेमार्फत खर्च होतो. आमदार ठेकेदार नेमत नाहीत आणि नेमूही शकत नाहीत. तरीही ‘काम कोणाला द्यायचे’ याची चर्चा आमदारांच्या कार्यालयात होताना दिसली, तर ती बाब नियमबाह्य आहे हे नागरिकांनी बिनदिक्कत बोलून दाखवावे.

‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे काय? सरपंच नेहमी त्याचेच नाव घेतात.

ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या त्या क्रमांकाच्या खात्याखाली, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे घेतली जातात. त्या क्रमांकावरून बोलीभाषेत ‘पंचवीस-पंधरा’ हे नाव रूढ झाले. सभामंडप, गावातील काँक्रीट रस्ता, गटार, स्मशानभूमीची शेड, संरक्षक भिंत अशी पाच, दहा किंवा वीस लाखांची कामे त्यात असतात. शासन निर्णयाला जोडलेल्या परिशिष्टात ती तालुकावार छापलेली असतात आणि आपल्या गावाचे नाव त्या यादीत शोधणे अजिबात अवघड नसते. शहरी भागात याच धर्तीवर नगरविकास विभागाचा वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचा निधी आणि नगरोत्थान महाभियान यांचे नाव ऐकू येते.

या लेखाशीर्षाकडे बारकाईने पाहण्याचे कारण असे की येथे कोणत्या आमदाराला किती द्यायचे याचे बंधनकारक सूत्र नसते. आमदार निधी सर्वांना समान मिळतो. पंचवीस-पंधराचे वाटप मात्र विभागाच्या, म्हणजे अखेरीस सरकारच्या मर्जीवर असते. म्हणूनच सत्तेतल्या आणि विरोधातल्या आमदारांमधील तफावत येथे सर्वांत ठळकपणे दिसते.

आमचे आमदार विरोधी पक्षात आहेत, म्हणून आमच्या भागाला निधी मिळत नाही असे ते म्हणतात. हे कारण मानावे काय?

काही अंशी मानावे लागेल, आणि ही गोष्ट दुःखाची आहे. निधीवाटपात भेदभाव होतो ही तक्रार सभागृहात प्रत्येक कार्यकाळात झाली आहे, फक्त तक्रार करणारे बाक बदलत गेले आहेत. २०२२ मध्ये सत्तांतर झाल्यावर आधीच्या सरकारच्या काळात मंजूर झालेल्या अनेक कामांना स्थगिती देण्यात आली आणि त्याविरोधात मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. आमदारांना दिल्या जाणाऱ्या विकास निधीच्या असमान वाटपाचा मुद्दाही न्यायालयापर्यंत पोहोचला. मतदारांनी कोणाला निवडून दिले यावरून त्यांच्या गावच्या नळाचे किंवा पुलाचे भवितव्य ठरत असेल, तर तो त्या मतदारांवर अन्याय आहे, मग सरकार कोणाचेही असो.

परंतु हे कारण सर्वच गोष्टींना लागू पडत नाही. स्वतःचे ५ कोटी विरोधी आमदारालाही मिळतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरील भाषण यांवर पक्षाचे बंधन नाही. विरोधी बाकांवरच्या आमदाराने आपले पाच कोटी मार्चअखेर खर्ची पडतील अशा बेताने वेळेत कामे सुचवली काय आणि सभागृहात मतदारसंघाचे प्रश्न मांडले काय, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार अकरा वेळा निवडून आले. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. त्यांचा तालुका कायम दुष्काळी, आणि टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी तेथे यावे यासाठी ते वर्षानुवर्षे सभागृहात बोलत राहिले. ‘या अधिवेशनात किती आणले’ हे माप त्या कामाला लावले असते, तर बहुतेक वर्षी उत्तर शून्य आले असते. सिंचनासारखी कामे एका अधिवेशनाच्या मापाने मोजताच येत नाहीत.

जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि आमदारांचा निधी एकच काय?

नाही. जिल्हा नियोजन समिती ही संविधानाच्या अनुच्छेद २४३ यघ नुसार आणि १९९८ च्या राज्य कायद्यानुसार स्थापन झालेली संस्था आहे. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा ही समिती ठरवते आणि २०२५-२६ साठी राज्याने सर्वसाधारण जिल्हा वार्षिक योजनेला २०,१६५ कोटी रुपये दिले होते. शाळांच्या खोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे, साकव, ग्रामीण रस्ते, वीज वितरणाची कामे अशा कितीतरी गोष्टी या पैशांतून होतात. आमदार समितीच्या बैठकीत कामे सुचवू शकतात आणि सुचवतातही, पण निर्णय समितीचा असतो.

संविधानाने या समितीतील किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत असे सांगितले आहे. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि महानगरपालिकांवर प्रशासक आले आणि हा आधारच निखळला. जिल्हा परिषद सदस्य नसल्याने गटारापासून अंगणवाडीपर्यंतचे प्रत्येक काम घेऊन लोक आमदारांच्या दारात जाऊ लागले आणि आमदारांचा दिवस स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कामात संपू लागला. कार्यअहवालात सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक यांची गर्दी दिसते, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

जलजीवन मिशन, ग्रामसडक योजना, वित्त आयोग यांचा निधीही आमदारांच्या यादीत असतो. तो त्यांनी आणलेला असतो काय?

जलजीवन मिशन ही १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेली केंद्राची योजना असून महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्ते ठरावीक निकषांवर निवडले जातात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा तर आमदारांशी काहीच संबंध नाही. महाराष्ट्रात त्या निधीपैकी ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला देण्यात आला, आणि ग्रामपंचायतीच्या वाट्यातून कोणती कामे घ्यायची हे ग्रामसभेने ठरवायचे असते. वित्त आयोगाच्या पैशांतून झालेल्या कामावर आमदारांच्या नावाचा फलक दिसला, तर ग्रामसभेत तो विषय काढावा.

एखाद्या योजनेचा प्रस्ताव मंत्रालयात अडकला होता, तो आमदारांनी फाइलमागे लागून सोडवला, अशी उदाहरणे मात्र खरीखुरी असतात. तसे असेल तर प्रस्ताव कधी गेला, कोठे अडला आणि मान्यता कोणत्या तारखेला मिळाली, एवढे अहवालात लिहिणे पुरेसे आहे. वाचणाऱ्याला मेहनत आपोआप दिसते.

मंजुरी मिळाली, भूमिपूजनही झाले, तरी काम सुरू होत नाही. असे का होते?

कारणे अनेक असतात आणि बहुतेक ठिकाणी एकापेक्षा जास्त एकत्र आलेली असतात. प्रशासकीय मान्यता आहे पण तांत्रिक मान्यता नाही. जागेचा वाद आहे किंवा भूसंपादन बाकी आहे. रस्ता वनजमिनीतून जातो. निविदेला प्रतिसाद नाही, किंवा फारच कमी दराने निविदा भरल्यामुळे ठेकेदार काम हाती घ्यायला टाळाटाळ करतो. अलीकडच्या काळात थकीत देयके हे सर्वांत मोठे कारण झाले आहे. राज्यभरातील कंत्राटदारांच्या संघटनांनी थकबाकीसाठी आंदोलने केली, कामे बंद ठेवली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवलेली होती, त्यामुळे विभागांना मंजूर तरतूद पूर्ण मिळेलच याची खात्री नसते. कामे मंजूर करण्याचा वेग आणि पैसे सोडण्याचा वेग यांतील अंतर वाढत गेले की अर्धवट खोदलेले रस्ते आणि सळया उघड्या पडलेल्या इमारती मागे राहतात.

याखेरीज आचारसंहिता असते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीसाठी १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागू झाली आणि त्याआधीच्या काही दिवसांत शासन निर्णयांचा अक्षरशः पूर आला होता. कार्यारंभ आदेश निघालेला असला तरी जागेवर प्रत्यक्ष काम सुरू झालेले नसेल, तर आचारसंहितेच्या काळात ते सुरू करता येत नाही. घाईने केलेल्या भूमिपूजनांमागे हा नियम असतो. मात्र नारळ फोडला म्हणजे काम सुरू झाले, असे होत नाही.

निधीखेरीज अधिवेशनात आमदारांनी काय केले, हे कशावरून ठरवावे?

या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत महत्त्वाचे मानतो, कारण आमदाराची निवड कायदे करण्यासाठी आणि सरकारला जाब विचारण्यासाठी होते. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. नियम १०५ अन्वये लक्षवेधी सूचना मांडून तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे सरकारचे लक्ष वेधता येते. नियम २९३ खालच्या चर्चेत शेती, कायदा-सुव्यवस्था, शहरांचे प्रश्न असे मोठे विषय सविस्तर येतात. अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना, अशासकीय विधेयक आणि अशासकीय ठराव ही आणखी काही आयुधे. संसदीय कामकाजात यांना ‘आयुधे’ असेच म्हणतात.

नुसती संख्या पाहू नये. पन्नास तारांकित प्रश्नांच्या यादीत आपले आमदार पंचवीस सह्यांपैकी एक असू शकतात. एकच लक्षवेधी, पण तयारीने मांडलेली, उपप्रश्नांनी मंत्र्यांकडून निश्चित तारीख मिळवणारी, ही त्याहून कितीतरी मोलाची असते. उत्तर मिळाल्यावर आमदारांनी ‘धन्यवाद’ म्हणून बसून घेतले की ‘कार्यारंभ आदेश कोणत्या महिन्यात निघणार’ असे पुढे विचारले, ते कार्यवाहीत छापलेले असते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ही कार्यवाही उपलब्ध असते आणि बराचसा भाग चित्रफितींतूनही पाहता येतो. आमदार मंत्री असतील तर मात्र त्यांच्या नावावर प्रश्न दिसणार नाहीत, कारण मंत्री प्रश्नांना उत्तरे देतात, ते विचारत नाहीत. अशा वेळी त्यांच्या खात्याचा कारभार हेच माप लावावे.

विधिमंडळातले काम किती दूरवर पोहोचू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला आणि मागेल त्याला काम हा हक्क बनला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. कोणत्याही मतदारसंघाच्या निधीच्या यादीत ही गोष्ट बसणार नाही, पण दुष्काळात लाखो कुटुंबांच्या चुली तिच्यामुळे पेटत्या राहिल्या.

मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले, पुढे काहीच झाले नाही. आता काय?

सभागृहात मंत्री ‘तपासून निर्णय घेऊ’, ‘तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू’ असे म्हणतात, तेव्हा ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदवले जाते आणि त्याची पूर्तता झाली की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही सभागृहांची आश्वासन समिती असते. आमदारांनी त्या आश्वासनाची तारीख आणि विषय नोंदवून समितीकडे, विभागाकडे आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा सभागृहात पाठपुरावा करायचा असतो. नागरिकांनीही कात्रण जपून ठेवावे आणि पुढच्या अधिवेशनाआधी महिनाभर आमदारांना त्याची लेखी आठवण द्यावी, कारण प्रश्न आणि सूचना आधी दाखल कराव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेले निवेदन बहुधा पुढच्या अधिवेशनाच्या फायलीत जाते.

विधान परिषदेच्या आमदारांनाही हे सर्व लागू आहे काय?

होय. परिषदेचे ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी ३० विधानसभेच्या सदस्यांनी, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांनी, ७ शिक्षकांनी आणि ७ पदवीधरांनी निवडलेले असतात, तर १२ राज्यपालनियुक्त असतात. त्यांनाही विकास निधी मिळतो, प्रश्नही विचारता येतात. पुरवणी मागण्यांवर मतदान मात्र फक्त विधानसभेत होते. एकाच कामाचे श्रेय विधानसभेचे आणि परिषदेचे असे दोन आमदार घेत असतील, तर शिफारशीचे पत्र कोणाचे आहे हे जिल्हा नियोजन कार्यालय सांगू शकते.

हिवाळी अधिवेशन नागपूरला होते, त्याचा निधीशी काही संबंध आहे काय?

सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानुसार वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेतले जाते. विदर्भाचे प्रश्न तेथे प्राधान्याने यावेत ही अपेक्षा त्यामागे आहे. अधिवेशने आता आठवडाभरात आटोपतात, त्यामुळे ती अपेक्षा पुरी होत नाही अशी विदर्भातील लोकांची रास्त तक्रार आहे. त्यातच विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपल्याने प्रादेशिक अनुशेषावर, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातील तुटीवर, बोलण्याचे एक घटनात्मक व्यासपीठ कमी झाले.

आकडे खरे आहेत काय, हे आम्ही घरबसल्या कसे तपासावे?

पहिली पायरी शासन निर्णय. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शासन निर्णय शोधता येतो आणि प्रत्येक निर्णयाला स्वतंत्र सांकेतांक असतो. आमदारांच्या संदेशात सांकेतांक किंवा निर्णयाचा क्रमांक नसेल, तर तो मागून घ्यावा. निर्णय मिळाल्यावर परिशिष्टात कामाचे नाव, रक्कम आणि लेखाशीर्ष पाहावे. रस्त्यांच्या कामांत ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षे वारंवार दिसतात. ३०५४ महसुली खर्चाचे आहे, त्यातून मुख्यतः देखभाल-दुरुस्ती होते, आणि ५०५४ भांडवली कामांसाठी असते. खड्डे भरण्याचे काम ‘नवा रस्ता’ म्हणून जाहीर झाले असेल, तर तेथेच कळते.

दुसरी पायरी जागेवरचा फलक. कामाचे नाव, मंजूर रक्कम, ठेकेदाराचे नाव, सुरू करण्याची व पूर्ण करण्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधी त्यावर असायला हवा. दोषदायित्व कालावधीत रस्ता उखडला, तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हा एक रकाना लोकांनी वाचायला सुरुवात केली, तर पहिल्याच पावसात वाहून गेलेल्या डांबरावर पुन्हा नवा निधी मागण्याची वेळ येणार नाही.

तिसरी पायरी माहितीचा अधिकार. दहा रुपयांचे शुल्क भरून, एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या मर्यादेत अर्ज करावा. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे, न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. ‘माझ्या मतदारसंघात किती निधी आला’ असे मोघम विचारू नये. ‘अमुक कामाची प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची नक्कल आणि आजवर अदा केलेल्या देयकांची रक्कम’ असे नेमके मागावे. मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची लांबी, रुंदी आणि थराची जाडी लिहिलेली असते, ती हाती घेऊन टेपने जागेवर मोजता येते. २००५ च्या या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिलेला आहे, पण तो फार थोडे लोक वापरतात.

आमदारांच्या कार्यालयात जायचे ठरवले, तर नेमके काय विचारावे?

एका वेळी एकच काम घेऊन जावे आणि शक्यतो शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवावी. या वर्षीची तरतूद किती, बीम्सवर किती रक्कम आली, निविदा कधी उघडली, कार्यारंभ आदेशाची तारीख कोणती आणि काम कोणत्या उपअभियंत्याकडे आहे, एवढे विचारले की बोलणे मुद्द्यावर येते. स्वीय सहायकांना यातील बरीच माहिती असते. नसेल तर ते संबंधित उपविभागात फोन लावतात, आणि आमदारांच्या कार्यालयातून गेलेल्या फोनला उत्तर लवकर मिळते. निवेदन द्यायचे असल्यास दोन प्रती न्याव्यात, एका प्रतीवर पोच आणि तारीख घ्यावी, आणि पुढील अधिवेशनात या विषयावर तारांकित प्रश्न दाखल करावा अशी स्पष्ट मागणी निवेदनातच लिहावी. प्रश्न दाखल झाला की नाही हे पुढे प्रश्नोत्तरांच्या यादीतून तपासता येते.